मोहाची भट्टी आणि बालाघाटची वसाहत

बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. 1867 साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांतील प्रदेश काढून इंग्रजांनी हा नवा जिल्हा बनवला. घाटावरच्या ओसाड पठारावर शेतकरी नेऊन बसवावेत हा त्यामागचा उद्देश होता आणि तोच जिल्ह्याच्या नावात उतरला. मुख्य ठाणे मात्र घाटाखाली, बुऱ्हा या गावी राहिले आणि घाटावरचे नाव त्या खालच्या गावाला चिकटले. पहिले डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफिल्ड यांनी वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवारांना बैहर तहसिलीत वस्तीसाठी उत्तेजन दिले. परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवणारा लछमनही पोवारच होता. तळी बांधून धान पिकवण्यात हा समाज पूर्वीपासून वाकबगार.

ज्याला ओसाड म्हटले गेले ते पठार गोंड-बैगांचे होते, आणि तिथे मोह होता. जंगल तोडून बांध्या घालताना नव्या वसाहतकारांनीही मोहाच्या झाडाला सहसा हात लावला नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी ती मांसल, गोड फुले वेचून वाळवायची आणि पावसाळ्यापर्यंत, अडचणीच्या वर्षी त्यापुढेही, पुरवून खायची, ही रीत नवागतांनी लवकरच उचलली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील कित्येक घरांना या फुलांनी हात दिला. मोहाचा विचार करताना दारू आधी आठवते, हा आपल्या दृष्टीचा दोष आहे. मोह आधी अन्न आहे.

दारूची कृती साधी दिसते, पण तिला अंगची जाण लागते. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालून काही दिवस आंबू द्यायची. किती दिवस, ते उन्हाळा-हिवाळ्यावर आणि करणारीच्या नाकावर अवलंबून असते. मग ते आंबवण मडक्यात घालून चुलीवर चढवायचे आणि वर थंड पाण्याचे भांडे ठेवायचे. वाफ त्याच्या बुडाला लागून थेंबाथेंबाने जमते आणि बांबूच्या नळीतून बाहेर येते. वरचे पाणी गरम होताच ते बदलावे लागते, नाहीतर वाफ वाया जाते. पहिली धार सर्वांत कडक. ती विस्तवावर शिंपडली की निळी ज्योत उठते. हीच तिची परीक्षा. बडादेवाला आणि पितरांना आधी थेंब वाहिल्याखेरीज गोंडांच्या घरी ती तोंडाला लावत नाहीत. जन्म, सोयरीक, मरण, जातपंचायतीचा दंड, यांपैकी कोणतेही कार्य तिच्यावाचून पुरे होत नसे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या चार खंडांत याचे दाखले जागोजागी मिळतात.

वसाहतीबरोबर आबकारीही डोंगर चढून आली. ‘आउटस्टिल’ पद्धतीत एका टापूतल्या भट्टीचा मक्ता लिलावाने दिला जाई, आणि मक्तेदार बहुधा कलार असे. बोली जितकी चढी, तितकी त्याची विक्री वाढवण्याची निकड मोठी. आणि विक्री वाढायची तर घरची चूल विझली पाहिजे. घरोघरी होणारी गोष्ट गुन्हा ठरली ती अशी. सरकारने पिणे थांबवले नाही, पाजण्याचा हक्क तेवढा विकला. 1905-06 च्या भारतीय आबकारी समितीने ठेक्याच्या मोठ्या डिस्टिलरींची शिफारस केली, तेव्हा गावची भट्टी आणखी दुरावली. याच काळात बैगांची बेवर शेतीही आक्रसत होती. 1890 मध्ये मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ आखून तेवढ्यापुरतीच तिला मुभा उरली. शेत आणि चूल दोन्ही परवानगीची झाली. कोकणात तर याहून कहर झाला होता. 1892 च्या ‘म्हौरा’ कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले.

1956 मध्ये भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. मोह एकच, बोली पुष्कळशी एक, सोयरिकी दोन्हीकडे. कायदे मात्र दोन. इकडे 1949 चा दारूबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला, तिकडे 1915 चा आबकारी कायदा चालू राहिला. 1974 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना घरापुरती दारू गाळण्याची सवलत मिळाली. विकण्याची मात्र नाही. हा भेद कागदावर स्पष्ट दिसतो. आठवडी बाजारात दोन बाटल्या घेऊन बसणाऱ्या बाईला त्याची किंमत मोजावी लागते.

अलीकडे वारे फिरले आहे. 2021 मध्ये मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्याचा मान देण्याचे जाहीर केले. त्यातून आदिवासी बचत गटांना परवाने मिळून अलिराजपूरची ‘मोंड’ आणि दिंडोरीची ‘मोहुलो’ ही नावे बाजारात आली. बाटली देखणी आहे, तिच्यावर कारखानदाराऐवजी आदिवासी गटाचे नाव आहे, हे स्वागतार्हच. तथापि तिला यंत्र लागते, भांडवल लागते आणि अर्थातच परवाना. 2022 च्या पेसा नियमांनी मादक पदार्थांच्या नियमनात ग्रामसभेला शब्द दिला आहे, आणि बैहरचा आदिवासी टापू अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेव्हा परसवाडा-बैहरच्या एखाद्या ग्रामसभेत उद्या भट्टीचा विषय निघालाच, तर पहिला प्रश्न ब्लूमफिल्डच्या काळचाच असेल: धार कोणाच्या मडक्यात पडायची?