इंटरनेट आणि शिक्षण : बालाघाट जिल्हा

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात शाळांनी आणि विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी केलेला इंटरनेटचा वापर. वैनगंगेकाठचा हा जिल्हा गोंदियाला लागून आहे. १९५६ पर्यंत राज्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदीच्या जोडीने मराठीही राजभाषा होती. राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे लांजी, किरनापूर, वारासिवनीकडे अनेक घरांत मराठी किंवा पोवारी आणि शाळेत हिंदी, असे चित्र आहे. बैहरच्या डोंगरपट्ट्यात गोंड व बैगा मुलांचे शाळेच्या भाषेशी नाते याहून लांबचे.

टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा राज्य शिक्षा केंद्राने एप्रिल २०२० मध्ये ‘डिजीलेप’ हा उपक्रम सुरू केला. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून धडे आणि चित्रफिती शिक्षकांकडे आणि तेथून पालकांच्या फोनवर जात. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी रेडिओ होता. जुलैत ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ आले : सकाळी घरातच घंटा किंवा थाळी वाजवायची आणि अभ्यासाला बसायचे. दोन्ही योजनांत व्यवहाराचे शहाणपण दुसरीत अधिक होते. फोन शेतावर गेला तरी थाळी घरातच राहते.

बैहर, परसवाडा भागांत प्रश्न भाषेच्याही आधी टॉवरचा आहे. नक्षलप्रभावित प्रदेशांसाठी केंद्राने सार्वत्रिक सेवा निधीतून जे टॉवर उभारले, ते टू-जी होते. त्यांवर बोलणे होई, चित्रफीत चालत नसे. मध्य प्रदेशासह दहा राज्यांतील अशी २,३४३ ठिकाणे फोर-जीवर नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे टाळेबंदीतला ऑनलाइन अभ्यास होऊन गेल्यावर.

शालेय पाठांसाठी ‘दीक्षा’ (२०१७) आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमांसाठी ‘स्वयम्’ (२०१७) ही केंद्राची व्यासपीठे येथेही खुली आहेत. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपून पाठ उघडण्याची पद्धत रुजवण्यात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे; त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. मात्र कोड टिपला म्हणजे पाठ समजला, असे नव्हे. हिंदी चित्रफीत थांबवून तिचा अर्थ घरच्या बोलीत सांगणारा शिक्षक वर्गात असेल, तरच ती उपयोगी पडते.

स्वयंअध्ययनात इंटरनेटचा वेगळाच लाभ दिसतो. शाळेत न मिळणारी मराठी येथे हाताशी येते. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर वाचता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात आणि त्यासाठी महाराष्ट्राचा रहिवासी असावे लागत नाही.