मुदतीचा मान : ग्लिव्हेकच्या मक्त्याची हकीकत

शोधकर्त्यास काही वर्षांपुरता मक्ता बहाल करावयाचा आणि मोबदल्यात त्याने शोधाचे मर्म जगापुढे उघड करावयाचे, हा पेटंटच्या कायद्यातील मूळ करार होय; आणि मक्त्याच्या काळात समाज जी चढी किंमत सोसतो, ती मुदत सरल्यावर तो शोध सर्वांचा होईल या भरवशावरच सोसतो. हा भरवसा किती मोलाचा आहे, हे ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाच्या इतिहासावरून उमगते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत आढळणारे एक विलक्षण गुणसूत्र नॉवेल आणि हंगरफर्ड यांनी 1960 साली फिलाडेल्फियात प्रथम पाहिले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते उपजते, हे जॅनेट रौली यांनी 1973 साली दाखविले. आणि त्यातून निर्माण होणाऱ्या घातक प्रथिनास रोखणारे, पुढे ग्लिव्हेक या नावाने विकले गेलेले इमॅटिनिब हे द्रव्य बाझेलच्या सीबा-गायगी कंपनीतील रसायनज्ञांनी सिद्ध केल्यावर ब्रायन ड्रुकर यांनी 1998 पासून त्याची रुग्णांवर परीक्षा घेतली. मे 2001 मध्ये अमेरिकेने त्यास मान्यता दिली. ज्या व्याधीपुढे वैद्यकशास्त्र बव्हंशी हतबल होते, ती नित्य गोळी घेऊन आटोक्यात राहू लागली, हे श्रेय निःसंशय थोर आहे.

हिंदुस्थानात मात्र पेटंटचा इतिहास निराळ्या वाटेने गेला होता. 1911 च्या कायद्याखाली औषधांचे मक्ते बहुतांशी परकीयांच्याच हाती आहेत, हे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 च्या अहवालात साधार मांडले. त्यानुसार घडलेला 1970 चा कायदा 20 एप्रिल 1972 रोजी अमलात आला, आणि त्याने औषधद्रव्यावर पेटंट न देता केवळ ते बनविण्याच्या कृतीवर, तेही फार तर सात वर्षांचे, पेटंट देऊ केले. याच आश्रयाने देशी औषधधंदा वाढला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 1 जानेवारी 2005 पासून द्रव्यावरील वीस वर्षांचे पेटंट स्वीकारणे भाग पडले, तेव्हा संसदेने कलम 3(ड) मध्ये अशी अट घातली की, ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाने गुणकारिता वाढत नसेल, तर ते रूप पेटंटास पात्र नाही.

मूळ इमॅटिनिबवर येथे पेटंट नव्हतेच; सीबा-गायगीची वारस कंपनी नोव्हार्टिस हिने 1998 साली चेन्नईस अर्ज केला तो त्याच्या मेसिलेट क्षाराच्या बीटा स्फटिकरूपासाठी. तो प्रलंबित असतानाच 2003 साली कंपनीस विक्रीचा अनन्य हक्क मिळाला. त्या बळावर मद्रासच्या उच्च न्यायालयाने देशी उत्पादकांस मनाई केली, तर मुंबईच्या उच्च न्यायालयाने तशी मनाई देण्यास नकार दिला. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे 1,20,000 रुपये आणि देशी औषधाचा 8,000 ते 10,000 रुपये, एवढे अंतर असता रुग्णाच्या दृष्टीने हा तंटा जीवनमरणाचाच होता. म्हणूनच मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने या अर्जास हरकत घेतली. 2006 साली अर्ज नामंजूर झाला, आणि 1 एप्रिल 2013 रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा दिला की, औषधाची गुणकारिता म्हणजे रोग बरा करण्याचे सामर्थ्य, आणि या स्फटिकाने ते वाढल्याचा पुरावा कंपनीने दिलेला नाही.

अमेरिकेत त्याच स्फटिकरूपास स्वतंत्र पेटंट लाभले होते. मूळ पेटंटची मुदत जुलै 2015 मध्ये सरली, तरी मुंबईच्या सन फार्माचे जेनेरिक तेथे उभयपक्षी तडजोडीनुसार 1 फेब्रुवारी 2016 रोजीच बाजारात आले. संशोधकाचे परिश्रम राजमान्य व्हावेत आणि त्यांचे फळही त्यास पुरेपूर लाभावे, यात दुमत नाही. परंतु त्याच शोधाचे रूप पालटून मक्त्याचे आयुष्य वाढविण्यास वाव देणारा कायदा रुग्णाशी केलेला करार मोडतो, आणि तो मोडू न देणे हे राज्यसंस्थेचे आद्य कर्तव्य आहे.