१९२८: हॉथॉर्नची खोली आणि मुंबईचे माग

मुसळगाव-माळेगावच्या औद्योगिक वसाहतींवर संशोधन करायचं म्हणून सिन्नरमधून कुणी सिनॉप्सिस लिहायला बसलं, की दुसऱ्या प्रकरणात हमखास तेच येतं. आधी टेलर-फेयोल यांची अभिजात विचारसरणी, मग हॉथॉर्नचे प्रयोग आणि वर्तनवादी विचारसरणी. जणू एक गेली आणि दुसरी आली! तुम्हीही असंच लिहिलं असेल, तर एकदा १९२८ साल उघडून बघा.

त्या वर्षी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच तरुणींवर प्रयोग चालू होता. विश्रांतीच्या वेळा बदलायच्या, कामाचे तास बदलायचे आणि उत्पादन मोजायचं. पाठ्यपुस्तकातला निष्कर्ष असा, की माणसाकडे लक्ष दिलं की काम वाढतं. पण जानेवारी १९२८ मध्ये त्यातल्या दोघींना, फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून, बदललं गेलं. मोबदल्याची पद्धतही बदलली होती. माझं मूळ शिक्षण विज्ञानाचं. नमुना पाचाचा आणि त्यातले दोन मधेच बदललेले, हे कळल्यावर मला तरी तो आलेख पूर्वीसारखा बघवत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दीड लाख गिरणीकामगार संपावर गेले. संप ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यामागचं एक मोठं कारण थेट टेलरच्या वळणाचं होतं. ससून गटाच्या गिरण्यांत 'एफिशियन्सी' योजना आली होती: विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे. हिशेब करा. सहा मागांवर तीन विणकर होते, तिथे आता दोन पुरणार. तिसरा घरी. शिवाय धागा किती वेळा तुटतो हे विणकराच्या हातापेक्षा कापूस कसला मिसळला आणि सूत कसं आलं यावर जास्त अवलंबून. सूत हलकं द्यायचं आणि माग तीन म्हणायचे, तर ते माप नेमकं कशाचं?

कामगारांमधले 'अनौपचारिक गट' दाखवले ही हॉथॉर्नची मोठी देणगी मानतात. गिरणगावात ते सगळ्यांना ठाऊकच होतं. नोकरी जॉबरच्या ओळखीने लागायची, एका गावची माणसं एकाच खोलीत राहायची. मालक ही नाती जॉबरमार्फत वापरत. गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक कमिट्या उभ्या केल्या, तेव्हा ती जॉबरच्या हातून निसटू लागली.

म्हणून युनियन असलेल्या कंपनीत 'शैली अभिजात की वर्तनवादी' अशी प्रश्नावली वाटण्याआधी जुने वेतनकरार मागा. कामाचं माप कोण ठरवतं आणि त्यावर हरकत कुठे घेता येते, ते त्यात सापडतं.

मुंबईतली हरकत फॉसेट समितीपुढे गेली. समितीने मालकांची योजना बरीचशी वाजवी ठरवली. अहवाल मार्च १९२९ मध्ये आला. त्याच महिन्यात युनियनचे डांगे आणि आळवे मेरठ खटल्यात पकडले गेले.