कमी खर्चात लांब पल्ल्याची फिक्स्ड गिअर सायकल: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही?

साध्या सायकलवर उतार लागला की पाय थांबवता येतात. मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, त्यामुळे चाक फिरत राहतं आणि पॅडल मात्र जागच्या जागी राहतात. फिक्स्ड गिअर सायकलमध्ये हे फ्रीव्हीलच नसतं. जोवर चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार आणि त्यावरचे पायही फिरणार. चढ असो वा उतार, पायांना सुट्टी नाही.

मग अशा सायकलवर २०० किलोमीटर कुणी कशाला जाईल? आणि जायचंच असेल तर कमी पैशांत ती कशी तयार करायची?

लांब पल्ल्यासाठी फिक्स्ड गिअर का?

पहिलं कारण म्हणजे साधेपणा. डिरेल्यर नाही, शिफ्टर नाही, गिअरच्या केबल नाहीत. बिघडण्यासारख्या गोष्टी कमी, म्हणून देखभालीचा खर्चही कमी.

दुसरं म्हणजे हे काही नवं खूळ नाही. १८९१ मध्ये पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत झाली, तेव्हा फ्रीव्हील अजून रुळलेलं नव्हतं. सुमारे १,२०० किलोमीटरचं ते अंतर शार्ल तेराँ यांनी ७१ तास २२ मिनिटांत पार केलं होतं.

आज महाराष्ट्रातही ब्रेव्हे प्रकारच्या राइड होतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबे धरून ताशी सरासरी १५ किलोमीटरचा वेग पुरतो. एका गिअरवरही हे जमू शकतं, फक्त सायकल नीट बांधलेली हवी.

सगळ्यात महत्त्वाचं: मागचं चाक

कमी बजेटमध्ये सर्वात जास्त चुका इथेच होतात. साध्या सायकलच्या मागच्या हबवर फ्रीव्हील ज्या आट्यांवर बसतं, त्याच आट्यांवर फिक्स्ड गिअरचा कॉग, म्हणजे छोटं दातेरी चाक, बसू शकतो. त्यामुळे फ्रीव्हील काढायचं, कॉग घट्ट पिळायचा आणि झाली फिक्स्ड गिअर, असा सोपा हिशोब केला जातो.

पण हा जुगाड धोकादायक आहे. पुढे पॅडल मारताना कॉग आट्यांवर घट्ट होत जातो. वेग कमी करण्यासाठी पायांनी उलटा जोर लावला की तोच कॉग सुटायला बघतो. खऱ्या ट्रॅक हबवर यासाठी कॉगच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. कॉग सैल होऊ लागला की लॉकरिंग उलट आणखी घट्ट होते. साध्या हबवर हे उलटे आटेच नसतात. चिकट द्रव लावला किंवा दुसरी रिंग बसवली तरी ती खात्री मिळत नाही. नेमका उतारावर कॉग सुटला तर पायांचा ताबा जातो आणि चेन निघून चाकात अडकू शकते.

त्यामुळे बजेटमधला पहिला खर्च लॉकरिंग असलेल्या ट्रॅक हबवर करावा. शक्यतो दोन्ही बाजूंना आटे असलेला हब घ्यावा. एका बाजूला फिक्स्ड कॉग आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील लावता येतं. घाट आला की चाक काढून उलटं बसवायचं. टूर द फ्रान्समध्ये १९३७ मध्ये डिरेल्यरला परवानगी मिळाली. त्याआधी रेसर डोंगराच्या पायथ्याशी उतरून असंच चाक फिरवत आणि गिअर बदलत.

फ्रेम जुनी चालेल का?

चालेल. इथे बरेच पैसे वाचू शकतात. जुन्या बाजारातली स्टीलची फ्रेम पुरेशी आहे. मात्र मागचा ॲक्सल बसतो ती खाच आडवी हवी. फिक्स्ड गिअरमध्ये चेन ताणून धरायला डिरेल्यर नसतो, त्यामुळे चाक मागे ओढूनच चेनचा ताण जमवावा लागतो. उभ्या खाचेत ते शक्य नसतं. जुन्या काळ्या सायकलींची खाच आडवीच असते.

ट्रॅक हबची रुंदी साधारण १२० मिमी असते. जुन्या रेसिंग फ्रेममध्ये ही जागा १२६ किंवा १३० मिमी असते. फरक ॲक्सलवरच्या स्पेसरने भरून काढता येतो.

फ्रेम घेताना वेल्डिंगला तडा, वाकलेला चिमटा आणि नळीच्या आतला गंज तपासावा. रंग उडालेला असेल तर हरकत नाही.

गिअर किती दातांचा?

पुढचं चेनव्हील ४४ दातांचं आणि मागचा कॉग १८ दातांचा असेल, तर २८ मिमी टायरवर पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.२ मीटर जाते. याचा अर्थ असा:

ताशी १० किमी, म्हणजे चढावर: मिनिटाला ३२ फेऱ्या
ताशी २५ किमी, सपाट रस्त्यावर: ८० फेऱ्या
ताशी ५० किमी, उतारावर: १६० फेऱ्या

शेवटचा आकडा बघितला की फिक्स्ड गिअरवर चढापेक्षा उतार अवघड का, ते कळतं. मिनिटाला १२० फेऱ्यांच्या आत राहायचं तर उतारावर वेग ताशी ३८ किमीपर्यंतच ठेवावा लागेल. नवशिक्यांसाठी ४४-१८ ही जोडी सुरुवातीला ठीक आहे. कॉग बदलायला फार खर्च येत नाही, त्यामुळे अंदाज आल्यावर एखादा दात कमी-जास्त करता येतो.

ब्रेक लागतातच का?

लागतातच. पायांनी वेग कमी करता येतो, पण तो जोर फक्त चेनमधून मागच्या चाकापर्यंत पोहोचतो. चेन तुटली किंवा उतरली की तो ब्रेक त्याच क्षणी संपतो. शिवाय ब्रेक दाबताना वजन पुढे सरकतं, त्यामुळे सायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचं चाक करतं. ब्रिटनमध्ये फिक्स्ड गिअरला मागचा ब्रेक मानलं जातं, पण पुढचा ब्रेक कायद्याने सक्तीचा आहे. घाटात जायचं असेल तर दोन्ही चाकांना ब्रेक लावावेत.

बाकी पैसे कुठे घालायचे?

टायर आणि सीट या दोन गोष्टींवर हात आखडता घेऊ नये. दिवसभर पाय थांबवून अंग मोकळं करता येत नाही, त्यामुळे सीट चुकली तर राइड तिथेच संपते. फ्रेममध्ये बसत असतील तर २८ ते ३२ मिमीचे टायर खड्ड्यांच्या रस्त्यांवर बरे.

क्रँक १६५ मिमीचे मिळाले तर उत्तम. वळणावर सायकल कलते तेव्हाही पॅडल फिरतच असतात. क्रँक आखूड असेल तर पॅडल रस्त्याला घासण्याची शक्यता कमी होते.

हँडल, सीटपोस्ट, मडगार्ड, कॅरिअर या वस्तू जुन्या घेतल्या तरी चालतात.

पहिल्या मोठ्या राइडआधी

चेनला मधोमध वर-खाली साधारण एक सेंटीमीटर खेळ असावा. त्याहून सैल असेल तर चेन उतरू शकते आणि फार ताणली तर हब आणि क्रँकचे बेअरिंग लवकर झिजतात. पहिल्या काही राइडनंतर लॉकरिंग पुन्हा घट्ट करावी. चाक फिरत असताना चेनला बोट लावू नये. इथे चेन आपोआप थांबत नाही, बोट थेट दातांत जाऊ शकतं. बुटाची नाडी आणि सैल पँट आधी बांधून घ्यावी. सोबत मागच्या नटांसाठी १५ मिमीचा पाना ठेवावा. तो नसेल तर पंक्चर काढायला मागचं चाकच निघणार नाही.

सुरुवात २०-३० किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर करावी. घाट त्यानंतर आणि तोही फ्रीव्हीलच्या बाजूने.