कूळहक्क व जमिनीची निगा (उत्तर कोकण)

जमीन कसणाऱ्याच्या वहिवाटीची शाश्वती आणि त्याच्याकडून होणारे मृदेचे संरक्षण यांतील परस्परसंबंध. बांधबंदिस्ती, उतारावरील मजगी, शेणखत इ. कामांवरील श्रमांचे फळ अनेक हंगामांनंतर पदरात पडते. वहिवाट मालकाच्या मर्जीवर अवलंबून असल्यास कूळ साहजिकच चालू हंगामापुरताच विचार करते.

अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराभोवतीचा (इ. स. १०६०) उल्हास खोऱ्याचा प्रदेश परंपरेने भातशेतीचा. पावसाळ्यात खाचराचा बांध फुटल्यास पाण्याबरोबर सुपीक मातीही वाहून जाते. बांधाची डागडुजी मालकाने करावी की कुळाने, हा जुना वाद होय. अशा वादामुळे संरक्षक बांधांची दुरुस्ती राहून गेल्यास शासनाने ती करवून घ्यावी व खर्च वसूल करावा, अशी तरतूद मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात (१९४८) करण्यात आली. पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ पात्र कुळे जमिनीचे मालक मानली गेली. तथापि त्यापूर्वीच अनेक कुळांनी जमिनी ‘स्वेच्छेने’ सोडल्याचे पुण्याच्या गोखले संस्थेतील दांडेकर व खुदानपूर यांच्या पाहणीत (१९५७) आढळले. कायद्यातील हक्क आणि प्रत्यक्ष शाश्वती यांत असे अंतर राहिले.

खाडीकाठच्या खार जमिनींत या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. कुलाबा (सध्याचा रायगड) जिल्ह्यात शिलोत्री पद्धतीनुसार हक्कदार कुळांकडून बांधदुरुस्तीसाठी धान्यरूपाने जादा आकार घेई. बाहेरचा बांध व उघाडी राखणे ही त्याची जबाबदारी असे. त्यात हयगय झाल्यास भरतीचे खारे पाणी शिरून अनेकांची शेते एकदम नापीक होत. शिलोत्री हक्क १९५५ च्या अधिनियमाने नष्ट झाले. शेते कुळांकडे गेली, तरी समुद्रबांध कोणा एकाचा नव्हता. त्यासाठी खार जमिनींविषयीचा १९४८ चा मुंबई अधिनियम व पुढे १९७९ चा महाराष्ट्र अधिनियम यांद्वारे शासकीय यंत्रणा उभारण्यात आली.

सारांश, शेतातील बांध वहिवाटीच्या शाश्वतीने राखला जातो. सर्वांच्या शेतांना राखणाऱ्या बांधासाठी मात्र हक्काबरोबर सामुदायिक जबाबदारीचीही निश्चिती आवश्यक असते.