रस्त्याचे देणे कोणाकडे?

आजच्या विषयाचा आरंभ मी एका जुन्या तक्त्यापासून करणार आहे. १९२० साली ब्रिटिश पार्लमेंटने मोटारींवरील कराचे नवे दर मंजूर केले आणि १ जानेवारी १९२१ पासून ते अमलात आले. इंजिनाची जितकी अश्वशक्ती, तितके पौंड गाडीच्या मालकाने दर वर्षी भरावयाचे, असा तो हिशेब. त्याच तक्त्यात अगदी खालच्या दरासमोर दोन प्रकारच्या गाड्या एकत्र बसविल्या होत्या: सहा अश्वशक्तीपर्यंतची गाडी, अथवा विजेवर चालणारी गाडी. कर सहा पौंड.

विजेची गाडी म्हणजे काल-परवाची नवलाई, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. परंतु लंडनच्या रस्त्यांवर १८९७ सालीच विजेच्या भाड्याच्या गाड्या धावत होत्या. तेव्हा १९२० च्या कायदेकर्त्यांना ती वस्तू अपरिचित नव्हती. त्यांची अडचण निराळी होती. कराची अश्वशक्ती ते एका सूत्राने काढीत. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग करावयाचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे. विजेच्या मोटारीला सिलिंडरच नाही! मग वर्ग कशाचा करणार? माप लागू पडेना, म्हणून एक ठोक रक्कम लिहून ते मोकळे झाले.

ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण रस्त्याच्या कराचा सारा इतिहास हिच्यात सामावलेला आहे. रस्ता किती वापरला, किती झिजविला, हे नेमके मोजण्याचे साधन सरकारजवळ कधीच नव्हते. म्हणून दर वेळी हाताशी येईल ते माप घ्यावयाचे, त्यावर कर बसवावयाचा, आणि गाडीची जात बदलली की ते माप फसावयाचे. ज्या न्यायासाठी आज पेट्रोलवाले आणि वीजवाले भांडत आहेत, तो न्याय मुळात या मापाचा आहे.

थोडे मागे जाऊ. इंग्लंडात जुन्या काळी मोठ्या रस्त्यांवर नाकी असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीकडून पैसे घेत. रेल्वे आली, रस्त्यांवरची वर्दळ आटली, नाकी डबघाईला आली आणि १८९५ मध्ये त्यांतले शेवटचे बंद झाले. त्याआधीच मोठे रस्ते काउंटीच्या मंडळांकडे गेले होते, म्हणजे त्यांचा खर्च तेथल्या घरजमिनीच्या पट्टीतून निघू लागला. नेमक्या याच वेळी मोटार अवतरली. खडी आणि मातीचे ते रस्ते घोड्याच्या गतीसाठी केलेले. मोटारीच्या चाकांनी त्यांची धूळ उडू लागली. ती पिकांवर, घरांत, दुकानांतल्या मालावर बसे. रस्त्याकाठच्या शेतकऱ्याने पट्टी भरावयाची आणि शहरातल्या धनिकाने त्याच्या अंगणात धूळ टाकून निघून जावयाचे, हा अन्याय कोणालाही डोळ्यांनी दिसत होता.

१९०९ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी यावर तोड काढली. पेट्रोलवर गॅलनला तीन पेन्स कर आणि गाडीच्या शक्तीप्रमाणे चढत जाणारी परवाना फी. हे सर्व पैसे रस्ते सुधारण्यासाठी वेगळे ठेवावयाचे, असे वचन देण्यात आले. मोटारवाल्यांनी कुरकुर केली, परंतु वचनामुळे ते राजी झाले. त्या पैशांतून रस्त्यांवर डांबर पडू लागले.

१९२१ मध्ये पेट्रोलवरील कर गेला आणि सारा भार गाडीवर आला. आता त्याचे परिणाम पाहा. अमेरिकन फोर्डच्या टी गाडीचा इंग्लंडातला वार्षिक कर तेवीस पौंड झाला, तर १९२२ साली निघालेल्या छोट्या ऑस्टिन सेव्हनचा सुमारे आठ पौंड. गाडी वर्षभर गॅरेजात उभी असो की रोज शंभर मैल धावो, कर तोच. कर सिलिंडरच्या व्यासावर आहे हे कळताच कारखानदारांनी बारीक व्यासाची, लांब दट्ट्याची इंजिने करावयास आरंभ केला. कर वाचविण्यासाठी यंत्राची घडण बदलली! कराचे माप चुकले की माणसे रस्ता वाचवीत नाहीत, माप चुकवितात. १९२८ साली पेट्रोलवरचा कर गॅलनला चार पेन्स या दराने परत आला.

दरम्यान १९२६ मध्ये चर्चिल अर्थमंत्री असताना त्यांनी रस्ते निधीतील सत्तर लाख पौंड सर्वसाधारण तिजोरीत वळते केले, आणि पुढल्या वर्षी आणखी एक कोटी वीस लाख. मोटारवाल्यांनी वचनभंगाची ओरड केली. चर्चिल यांचा युक्तिवाद मला आजही विचार करण्याजोगा वाटतो. एखाद्या वर्गाने कर भरला, म्हणून त्या पैशांवर त्या वर्गाचाच कायमचा हक्क, असे एकदा मानले तर पार्लमेंटने काय करावयाचे? दारूवरचा कर दारू पिणाऱ्यांच्या सोयीसाठीच खर्चावयाचा काय? १९३७ पासून गाड्यांच्या परवान्यांचे उत्पन्न सरळ तिजोरीत जाऊ लागले. तरीही इंग्लंडात सामान्य माणूस त्याला अजून ‘रोड टॅक्स’च म्हणतो, आणि सायकलवाल्याला ‘तू कुठे कर भरतोस?’ असे खडसावतो. कायदा बदलून पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला, समजूत बदललेली नाही.

आता आपल्याकडे वळू. १९१९ च्या सुधारणांनंतर हिंदुस्थानात रस्ते हा प्रांतांचा विषय झाला आणि प्रांतांनी त्यातले पुष्कळसे ओझे जिल्हा मंडळांच्या गळ्यात घातले. मंडळांजवळ पैसा नव्हता. मोटारी आणि बसगाड्या मात्र वाढत होत्या. १९२७ साली मध्यवर्ती सरकारने रस्त्यांच्या प्रश्नासाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्याकडे आले. जयकरांना आपण कायदेपंडित म्हणून आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ओळखतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. परंतु या देशातल्या प्रत्येक वाहनधारकाच्या खिशाशी त्यांचा संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. रस्ते आता गावकीचा विषय राहिलेले नाहीत, राष्ट्राचा विषय झाले आहेत, आणि त्यांचा खर्च स्थानिक संस्थांना पेलणारा नाही, हे तिचे पहिले म्हणणे. पैशांसाठी तिने पेट्रोल निवडले. गॅलनला चार आणे कर होता, तो सहा आणे करावा आणि वाढीचे दोन आणे केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवावेत. १९२९ च्या मार्चपासून तसे झाले आणि मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. वर्षअखेरीस न खर्चलेली रक्कम परत जाऊ नये अशीही त्यात सोय होती. सरकारी हिशेब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल.

पेट्रोल हे माप त्या काळी किती चपखल होते! जो अधिक फिरेल तो अधिक जाळील, जो जड गाडी हाकील तोही अधिक जाळील. वसुलीला नाक्यानाक्यावर कारकून नको. बंदरावर वा कारखान्याच्या दारात थोड्या व्यापाऱ्यांकडून रक्कम घेतली की काम झाले. गाडीवाल्याला आपण कर भरतो आहोत याची जाणीवही होऊ नये, इतके ते सहज. मात्र निधी प्रांतांत वाटावयाचा तो मुख्यतः तेथल्या पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात. म्हणजे जेथे गाड्या तेथे पैसा, आणि जेथे रस्ताच नाही म्हणून गाडी नाही, तेथे पुन्हा रस्ता नाही. ज्याने भरले त्याला मिळावे हा एक न्याय, ज्याला गरज त्याला मिळावे हा दुसरा. दोन्ही एका ताजव्यात बसत नाहीत, हे जयकरांच्या योजनेतही दिसून आले. शिवाय लोखंडी धावांची बैलगाडी रस्ता फोडीत असे आणि या निधीत तिचा एक पैसाही पडत नसे. पण बैलगाडीवाल्याकडून किती घेणार, हा प्रश्न होताच, आणि तो गैरवाजवी नव्हता.

वाहनकराचा पैसा रस्त्याशी बांधलेला असावा काय, हा चर्चिल यांचा मुद्दा आपल्या न्यायालयांतही आला. वाहनांवरचा कर हा रस्त्याच्या सोयीचा मोबदला आहे, म्हणून तो व्यापाराच्या स्वातंत्र्याआड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली राजस्थानच्या एका खटल्यात मानले. मोबदल्याचा हा सिद्धांत २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बाजूला सारला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कर हा कर. त्याच्या बदल्यात खड्डा बुजलाच पाहिजे असे नाही. पावसाळ्यात आपल्याला हे ठाऊक झालेलेच असते.

मग विजेच्या गाडीचे काय? जयकरांनी निवडलेले माप तिला लागू पडत नाही. १९२० साली सिलिंडरचे सूत्र लागू पडले नव्हते, तसेच. घरी गाडी भारणाऱ्याचे युनिट दिव्यात जळाले की चाकात, हे मीटरला कळत नाही. महाराष्ट्रात गाडीवरचा कर १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमाप्रमाणे घेतला जातो. खासगी पेट्रोल मोटारीला तो किमतीच्या ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के, एकदाच भरावयाचा. विजेच्या गाड्यांना त्यातून माफी देण्यात आली. मार्च २०२५ च्या अंदाजपत्रकात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचविला गेला, आणि त्याच महिन्यात तो मागे घेण्याची घोषणा झाली. त्याच वर्षीच्या नव्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथील टोलही विजेच्या मोटारींना माफ झाला.

सवलतीमागचे कारण खोटे नाही. पेट्रोलच्या धुराने माणसांची फुप्फुसे बिघडतात, त्याचा खर्च पेट्रोलवाला भरीत नाही. विजेवाला शहरात तो धूर सोडीत नाही. परंतु धुराचा हिशेब निराळा आणि डांबराचा निराळा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील पेट्रोलचा निम्म्याहून अधिक खप दुचाकींचा असल्याचे दिसले. म्हणजे दुधाच्या किटल्या घेऊन जुन्या मोटारसायकलीवर जाणारा माणूस दर लिटरमागे रस्त्याचे देणे देतो, आणि चाळीस लाखांच्या विजेच्या गाडीतला गृहस्थ सागरी सेतूवरून फुकट जातो. दुचाकीची, रिक्षाची, बसची माफी मला मान्य आहे. या गृहस्थाची माफी मला पटत नाही.

विजेची गाडी बॅटरीमुळे जड असते, म्हणून ती रस्ता अधिक झिजविते, असाही एक आक्षेप ऐकू येतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरविण्यात आले. त्यातून असे निघाले की रस्त्याची हानी आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. मोटार एक पंचमांशाने जड झाली तर हानी दुप्पट होते, हे खरे. पण मोटारीच्या आसावर अर्धा टन भार आणि लादलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन, तर ट्रकच्या एका आसाची हानी मोटारीच्या एक लाख साठ हजार आसांइतकी होते! या हिशेबापुढे पेट्रोल मोटार आणि विजेची मोटार यांचे भांडण म्हणजे दोन शेजाऱ्यांनी उंबऱ्यावरून भांडावे आणि मागच्या दाराने घर धुऊन जावे, तशातला प्रकार.

योग्य मापाच्या सर्वांत जवळ न्यूझीलंड गेले आहे असे मला वाटते. तेथे १९७८ पासून डिझेलच्या गाड्या पंपावर रस्त्याचा कर देत नाहीत. गाडीच्या वजनाप्रमाणे ठरलेल्या दराने आगाऊ किलोमीटर विकत घेतात. विजेच्या मोटारींना यातून माफी होती, ती ३१ मार्च २०२४ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून हजार किलोमीटरला ७६ डॉलर हा दर त्यांना लागू झाला. खपावर परिणाम झाला, तक्रारीही झाल्या. पण ‘आम्हीच का?’ हा प्रश्न कोणाला विचारता आला नाही, कारण डिझेलवाले शेजारी चार दशके तेच करीत आले होते.

इंग्लंडात विजेच्या गाड्यांची वार्षिक करमाफी एप्रिल २०२५ मध्ये संपली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अंदाजपत्रकात असे जाहीर झाले की, एप्रिल २०२८ पासून विजेच्या मोटारीने प्रत्येक मैलामागे तीन पेन्स भरावयाचे. लॉइड जॉर्ज यांचा आकडाही तीन पेन्सच होता. तो गॅलनवर होता, हा मैलावर आहे.