चूक, लबाडी आणि दंड

कर आणि दंड हे शब्द आपल्या बोलण्यात जोडीने येत असले, तरी त्यांचा धर्म एक नव्हे. कर मिळकतीवर बसतो, दंड वर्तनावर बसतो. कर घेताना सरकार विचारते, "तुम्ही किती मिळविलेत?" दंड करताना त्याला विचारावे लागते, "तुम्ही असे का केलेत?" हा दुसरा प्रश्न विचारल्यावाचून हात उगारता कामा नये, हे ठरायला फार काळ लागला. त्याचीच हकीगत आम्ही येथे सांगणार आहोत.

शेणव्यात प्राप्तिकराचे काय काम, असे कोणी म्हणेल. 1857 च्या उठावाने रिता झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन याने 1860 साली हा कर आणला, तेव्हा शेतीचे उत्पन्नही त्यात धरले होते. 1886 च्या कायद्याने ते वगळले, आणि भाताच्या खाचराला प्राप्तिकर नाही ही रीत पुढे चालत आली. शेतकऱ्याला धाक असे तो सारा थकण्याचा. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने थकबाकीवर चौथाईपर्यंत दंड लावता येई. परंतु आता शहापूर-मुरबाडकडचा तरुण आसनगावला गाडी धरून कारखान्यात जातो, आणि जमिनीच्या मोबदल्याची रक्कम कोणी ब्यांकेत मुदतीने ठेवली, तर तिचे व्याज करपात्र ठरते. कर असा न बोलावता घरात आला आहे, आणि त्याच्यामागून दंडही.

आम्हां कामगारांना दंडाची ओळख कायद्याच्या पुस्तकातून झाली नाही, ती गिरणीत झाली. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापावा, यालाच 'डबल खाडा' म्हणत. कापड बिघडले तर ते विणकराच्याच माथी मारावे, अशीही चाल होती. सूत वाईट होते की माग नादुरुस्त होता, हे विचारायचे कोणी? 1936 च्या पगारविषयक कायद्याने या मनमानीला वेसण घातली. कोणत्या कसुरीला दंड होईल हे आधी जाहीर करावे, कामगाराचे म्हणणे ऐकावे, दंड रुपयामागे अर्ध्या आण्यावर जाऊ नये, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्चावा, असे त्यात ठरले. आरोप सांगा, खुलासा घ्या, माप राखा: दंड न्याय्य होण्याच्या या तीन पायऱ्या होत.

प्राप्तिकराच्या दंडाची वाटचालही याच पायऱ्यांनी झाली. कराची रक्कम दहा हजारांनी कमी भरली, असे धरू. 1922 च्या कायद्यात, पुढील दुरुस्तीनंतर, चुकविलेल्या कराच्या दीडपटीपर्यंत, म्हणजे पंधरा हजारांपर्यंत दंड करता येई. 1961 च्या कायद्यात तो बदलत बदलत किमान दहा हजार व कमाल तीस हजार येथवर गेला. 2017-18 च्या निर्धारण वर्षापासून मात्र दोन वाटा झाल्या. उत्पन्न केवळ कमी दाखविले असेल तर निम्मा, म्हणजे पाच हजार. खोटे दाखविले असेल तर दुप्पट, म्हणजे वीस हजार. मूळ कर आणि व्याज वेगळेच. चूक आणि लबाडी यांतील अंतर असे आकड्यांत उतरले.

न्यायालयांनीही हे अंतर जपले. ओरिसातील विक्रीकराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली सांगितले की, दंड करता येतो म्हणून तो केलाच पाहिजे असे नाही. प्रामाणिक समजुतीने झालेला तांत्रिक भंग निराळा. 2008 साली त्याच न्यायालयाने एका निकालात कडक भूमिका घेतली. पण 2012 साली एका नामांकित हिशेबतपासनीस संस्थेने ग्रॅच्युइटीच्या तरतुदीची वजावट नजरचुकीने घेतली, तेव्हा तिचा दंड माफ झाला. जिचा धंदाच हिशेब तपासणे, तिच्या हातूनही चूक होते हे न्यायालयाने मान्य केले. मग यंत्रावर उभ्या असलेल्या फिटरची ती का मानू नये?

त्याहून मोलाचा निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2021 मध्ये गोव्यात दिला. छापील नोटिशीत दोन्ही आरोप असत: उत्पन्न लपविले, किंवा चुकीचा तपशील दिला. लागू नसलेला आरोप अधिकारी खोडीतच नसत. कोणत्या आरोपाचे उत्तर द्यायचे हेच माणसाला कळत नसेल, तर त्या नोटिशीवर उभारलेला दंड टिकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. आरोपपत्र मोघम असेल तर खात्याची चौकशी लंगडी ठरते, हे आम्ही युनियनची माणसे कारखान्यात सांगत आलो. तेच येथे करदात्याच्या बाबतीत मान्य झाले.

तथापि हक्काची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. कमिशन घेऊन खोट्या देणग्या, खोटी घरभाड्याची पावती लावून परतावा काढून देणारे दलाल कामगार वस्तीत फिरतात. परताव्याचा वाटा दलाल नेतो. पण विवरणपत्र कामगाराच्या नावाचे असते, आणि ही नुसती चूक नव्हे, ही दुप्पट दंडाची वाट आहे. 1961 च्या कायद्यात मागाहून एक सवलतही आली. कर व व्याज मुदतीत भरून, अपील न करता, आदेश मिळालेला महिना संपल्यापासून एका महिन्यात अर्ज केला, तर केवळ कमी दाखविल्याचा दंड माफ होई. खोटेपणाला मात्र ती सवलत नव्हती. 2025 साली नवा कायदा मंजूर झाला, त्याचा अंमल 1 एप्रिल 2026 पासून ठरला. तेव्हा कलमांचे आकडे नव्याने पाहावे लागतील.

पण तत्त्व तेच राहते. नोटीस आली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे. तो सरकारने विचारलेला प्रश्न आहे. भीतीने ती फळीवर ठेवून देणारा माणूस, मोठ्या कष्टाने मिळालेला आपला बोलण्याचा हक्क आपल्याच हाताने सोडतो. कागद उघडावा, आरोप वाचावा, तारीख पाहावी, जाणत्याला विचारावे, आणि खरे असेल ते मुदतीत लिहून पाठवावे.